पोपट छापाचा निवाडा

साल दोन हजार बावीस. मला पंच्याहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात मी माझ्या वडिलांना एका जर्मन माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. खरे की खोटे ते सांग म्हणून.

वडील म्हणजे त्यांचा कागद. आंब्याच्या पेटीवर चिकटवायचं लेबल. हिरवा पोपट, त्याच्या पायाशी पिवळाधमक आंबा, वर ठळक अक्षरात ‘पोपट छाप’ आणि खाली वडिलांचं नाव. मी जन्मलो त्या साली वडिलांनी मुंबईला जाऊन ते छापून आणलं होतं. देवगडच्या बाजूला तेव्हा पेट्या ठोकणारे पुष्कळ होते, पण स्वतःचा छाप असलेला माणूस आमच्या वाडीत एकच. मी चौथी शिकलो. पुढं शिकलो नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण ज्याच्या बापाचं नाव मुंबईच्या बाजारात पेटीवर वाचलं जातं त्याला आणखी काय शिकायचं, असं मी समजत होतो. अजून समजतो.

ज्याच्याविषयी लिहितोय तो आमचा घरमालक. इकडं जर्मनीत, आखनमध्ये, घरमालकाला फेरमीटर म्हणतात. माझा मुलगा विकास गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तो, सून अश्विनी आणि मी दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. तळमजल्यावर हा एकटा. माझ्याच वयाचा, काठीसारखा सरळ, आणि दोन्ही हातांत कायम पांढरे सुती हातमोजे. कचरा टाकताना हातमोजे, पेपर वाचताना हातमोजे. आल्या दिवशी मी नमस्कार केला, तर त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अश्विनीच्या पिशवीतून आमरसाचा डबा डोकावत होता, तो त्यानं दोन बोटांत उचलला, त्यावरचं आंब्याचं चित्र नाकाशी नेऊन बघितलं आणि म्हणाला, “फाल्श.”

“काय म्हणतो?” मी विचारलं.

“खोटं आहे म्हणतात, बाबा,” अश्विनी हसू दाबत म्हणाली. “असा आंबा झाडाला लागत नाही म्हणतात.”

मला तो माणूस तिथंच थोडासा आवडला. कारण चित्रातला तो आंबा मलाही पहिल्यापासून संशयास्पद वाटत होता.

फाल्श म्हणजे खोटं, एश्त म्हणजे खरं. हे दोन शब्द मी त्याच्याकडून शिकलो आणि आमचं बरंचसं बोलणं त्या दोन शब्दांतच व्हायचं. बाकीचं अश्विनी सांगायची. एकदा त्यानं माझ्या दातांकडं बोट दाखवून विचारलं, “एश्त?” मी म्हटलं, “फाल्श.” त्यानं स्वतःची कवळी काढून तळहातावर ठेवली आणि म्हणाला, “आउख फाल्श.” म्हणजे हीसुद्धा. एवढं बोलून कवळी परत बसवली आणि दार लावून घेतलं. मी जिन्यात उभाच राहिलो. माझ्या उभ्या जन्मात कोणी माझ्यासमोर असे दात काढून ठेवले नव्हते.

त्याचा नाद होता फळांच्या खोक्यांवरच्या जुन्या लेबलांचा. पूर्वी स्पेनची संत्री, इटलीची लिंबं, अमेरिकेची सफरचंदं लाकडी खोक्यांतून यायची आणि प्रत्येक खोक्यावर रंगीत कागद चिकटवलेला असायचा. बायका, सिंह, आगगाड्या, काय वाटेल ते. पुढं पुठ्ठ्याची खोकी आली आणि छापखान्यांत गठ्ठेच्या गठ्ठे न वापरलेले पडून राहिले. तेच आता लोक जपतात. आणि लोक जपतात म्हटल्यावर नवे छापून जुने म्हणून खपवणारेही आलेच. तेव्हा बेल्जियम, हॉलंडहून माणसं गाडी काढून याच्याकडं यायची. हद्द जवळच. कागद पुढं ठेवायची आणि देवळात कौल लावल्यासारखी गप्प उभी राहायची.

निवाडा फक्त सकाळी, उपाशी पोटी. कॉफीनं नाक खराब होतं म्हणायचा. आधी वास घ्यायचा, डोळे मिटून. मग हातमोजा न काढता कागदाच्या कडेवरून बोट फिरवायचं. मग भिंग. जुनी दगडावरची छपाई भिंगातून वाळू सांडल्यासारखी दिसते, नवीन छपाईत ठिपके पोरांनी शाळेत रांग धरावी तसे उभे असतात, हे त्यानं मलाही दाखवलं होतं. शेवटी खिडकीचे पडदे पाडायचे आणि जांभळा दिवा लावायचा. नव्या कागदात पांढरं दिसण्यासाठी काहीतरी रसायन घालतात, ते त्या दिव्याखाली पेटून उठतं. जुना कागद मेल्यासारखा पडून राहतो. नाक, बोट, भिंग, दिवा, असे त्याचे चार साक्षीदार. “तिघं खरं बोलले आणि एक खोटं बोलला, तर मी त्या एकाचं ऐकतो,” असं तो म्हणायचा. अश्विनीनं हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “मग हा पंच कसला? आमच्याकडं तिघांचं ऐकतात.” तिनं ते त्याला सांगितलं नाही.

आणि त्याचा एक नियम होता. निवाडा मागायच्या आधीच तो कबूल करून घ्यायचा. कागद खोटा निघाला तर परत मिळणार नाही. तळघरात त्यानं बटाट्याची, लाकडांची, सफरचंदांची खोकी रचलेली होती. खोटा कागद तो मालकासमोर खळ लावून त्यातल्या एका खोक्यावर चिकटवायचा. लेबल म्हणून जन्माला आलंय, निदान लेबलाचं काम तरी करू दे, असं त्याचं म्हणणं. मला वाटायचं, गंमत करतो. मग एक दिवस बेल्जियममधल्या लीएजचा एक दातांचा डॉक्टर आला. काचेत मढवलेलं संत्र्याचं लेबल, लाल झग्यातली बाई. बायकोनं वाढदिवसाला दिलेलं. यानं काच काढली, वास घेतला, आणि दिव्याखाली ती बाई डोक्यापासून पायापर्यंत निळीशार पेटली. म्हाताऱ्यानं खळीचं भांडं घेतलं, जिना उतरला, आणि त्या बाईला कांद्याच्या खोक्यावर चापूनचोपून बसवलं. डॉक्टर ओरडत होता. माणूस देखत्या डोळ्यांनी दुसऱ्याची वस्तू अशी चिकटवून टाकतो, आणि वर त्याला विचारतो, “कांदे हवेत का?”

डॉक्टर कांदे न घेता गेला.

मी माझा कागद त्याला दाखवणार नव्हतो. पण दसऱ्याच्या दिवशी जेवताना विषय निघाला. आमच्या घरी दसऱ्याला वडिलांची हातोडी पाटावर मांडायचे. त्याच हातोडीनं, एका गड्याच्या हातून, वडिलांचं उजव्या हाताचं बोट ठेचलं होतं, करंगळीच्या शेजारचं. टोक अर्धं गेलं होतं, उरलेलं चापट. आणि वडील हळदकुंकवाचं पहिलं बोट त्या हातोडीलाच लावायचे. आई कुरकुर करायची, तर म्हणायचे, “तिचो काय दोष? बोट माजा मदी इला.” हे मी विकासला सांगत होतो, त्यावरून पोपट छाप निघाला. तेव्हा विकास म्हणाला, “बाबा, तुम्ही माझ्या लहानपणापासून सांगताय. पण खरंच छापलेला होता का हो तो कागद? का काकांनी नंतर हौसेनं करून घेतला?” काका म्हणजे माझा भाऊ.

मी हात धुतला आणि गावाहून आणलेली पत्र्याची ट्रंक उघडली.

दुसऱ्या दिवशी तिच्यातला कागद घेऊन मी खाली गेलो. अश्विनी सोबत. म्हाताऱ्यानं तिच्याकडून मला नियम सांगवला. मग पुन्हा एकदा सांगवला. एरवी तो एकदाच सांगायचा.

“बाबा, ते म्हणतायत, घरी जा. तुमच्याकडं हा एकच आहे.”

“त्याला सांग, लाव म्हणावं नाक.”

त्यानं वास घेतला आणि पहिल्यांदाच मी त्याला दोनदा वास घेताना पाहिलं. मान हलवली. बोट फिरवलं, मान हलवली. भिंगातून बघताना तर हसला. “याऽ,” म्हणाला, “गेनाऊ.” हो, बरोबर म्हणजे. मी खिडकीतून बाहेर बघत उभा राहिलो. पडदे पडले, दिवा लागला. मी वळून बघितलं नाही. आपल्या बापाला कोणी दिव्याखाली धरलंय आणि आपण डोळे फाडून बघायचं, हे मला जमणारं नव्हतं.

मग अश्विनी हळूच म्हणाली, “बाबा, आंब्यावर काहीतरी चमकतंय. अर्ध्या चंद्रासारखं. ते म्हणतायत एक कड अगदी सरळ आहे, माणसाच्या हातचं नाही, यंत्राचं वाटतं. नवीन रंग आहे म्हणतायत.”

“सरळ सांग.”

“फाल्श,” म्हातारा स्वतःच म्हणाला.

त्यानं कागद माझ्यापुढं धरला. परत घे, अशी खूण केली. नियम मोडायला तयार झाला होता तो, एवढं मला समजलं. पण मी पोपट छापवाल्याचा मुलगा. मी तळघराच्या दाराकडं बोट दाखवलं. खाली जाऊन त्यानं सफरचंदाच्या खोक्यावर खळ लावली, कागद ठेवला आणि मधून कडेकडं हातमोजा फिरवत बसवला. फार नीट बसवला. वडीलही असेच मधून कडेकडं बसवायचे. मी एकदाही डोळे मिटले नाहीत.

वर आल्यावर विकास म्हणाला, “जाऊ द्या ना बाबा. काकांनी केला असेल. त्यानं आजोबा काही कमी होतात का?”

कमी होतात. काल होते तेवढे आज नव्हते, त्याला मी काय करू? जेवताना मी आंब्याचं बोलणं सोडलं. पेटीचं सोडलं. देवगडचंच सोडलं. विकासनंही कधी विचारलं नाही, आणि तो विचारत नाही हेच मला टोचायचं. खाली म्हातारा रोज सकाळी “मोर्गन” म्हणायचा, म्हणजे आपला राम राम. मी रोज त्याच्या अंगावरून पुढं जायचो. तो तरी रोज म्हणायचा. अख्खा हिवाळा असा गेला.

चैत्र लागला आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली पाणी साठायला लागलं. रविवारी म्हातारा स्वतः पाना घेऊन आला. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही, कारण जर्मनीत खरा प्लंबर उरलेला नाही असं त्याचं मत. काम होईस्तोवर जेवणवेळ झाली. अश्विनीनं पिठलं केलं होतं, भाकरी केली होती.

“बसा,” तिनं त्याला सांगितलं. “आणि हातानं खायचं. हे खरं पिठलं आहे, चमच्यानं खाल्लंत तर फाल्श होईल.”

त्यानं बराच विचार केला. मग उजवा हातमोजा काढला. तो हात आम्ही पहिल्यांदा बघत होतो. पांढराफटक, सुरकुतलेला, जन्मात ऊन न बघितल्यासारखा. मी ताटावरून उठलो नाही, पण त्याच्याकडं बघितलंही नाही. तो पोराटोरासारखा मनगटापर्यंत बरबटून जेवला, “दांके, दांके” असे आभार मानत गेला.

तासाभरानं दार वाजलं. मीच उघडलं. तो दारात उभा. उजवा हात लागल्यासारखा वर धरलेला, बोटं फाकलेली. डाव्या हातात जांभळा दिवा. चेहऱ्यावर रक्त नाही. मला वाटलं, विजेचा धक्का बसला याला.

“अश्विनी,” मी हाक मारली, “बघ याला काय झालं.”

तो तिच्याशी भराभरा बोलायला लागला. ती बुचकळ्यात पडून म्हणाली, “पिठल्यात पिवळं काय घातलं विचारतायत. दाखवा म्हणतायत.” तिनं मिसळणाचा डबा पुढं केला. त्यानं पडदे पाडले आणि दिवा लावला.

त्याची बोटं पेटली. हिरवट पिवळी, काजव्यासारखी. मग डब्यातली हळद पेटली. त्यानं दिवा फिरवला, तशी भिंतीवर, शेगडीच्या कडेला, डब्याच्या झाकणांवर, अश्विनीच्या नखांत, सगळीकडं पिवळे डाग उठले. कोपऱ्यात देव्हारा आहे, तिथं तर देवांची कपाळं एकेक करून उजळली. “अगं बाई,” एवढंच अश्विनीच्या तोंडून निघालं. विकास आतून आला आणि दारातच थबकला. रोजचं घर, आणि आम्ही चोर शिरल्यासारखे त्याच्याकडं बघत होतो.

म्हातारा सावकाश एकेक वाक्य बोलला आणि अश्विनीनं सावकाश सांगितलं.

“ते म्हणतायत, खोटे कागद सगळेच्या सगळे निळे पेटतात. तुमचा एकाच जागी पेटला, आणि पिवळा. त्यांना ते तेव्हाच दिसलं होतं. काय आहे ते कळलं नाही. जे मला माहीत नव्हतं त्याला मी खोटं म्हटलं, असं म्हणतायत.” मग ती माझ्याकडं वळली. “बाबा, ते विचारतायत, त्या कागदाला ही हळद कोणी लावली?”

“वडिलांनी,” मी म्हटलं.

हंगामाची पहिली पेटी भरली की वडील पेटीला हळदकुंकू लावायचे. कागदांचा गठ्ठाही पुढं घ्यायचे. पण गठ्ठ्यातल्या वरच्या कागदाला नुसती हळद. कुंकवाचा लाल डाग दिसला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. आणि हळद कुठं, तर आंब्यावर. पिवळ्यावर पिवळं, कोणाला दिसत नाही. करंगळीशेजारच्या बोटानं लावायचे. म्हणजे त्या ठेचलेल्या. एका कडेनं सरळ.

“विकास,” मी म्हटलं, “तळघरात चल.”

आम्ही चौघं उतरलो. सफरचंदाचं खोकं तसंच होतं, पोपट जागच्या जागी. म्हाताऱ्यानं बल्ब घालवला. काळोखात जांभळा दिवा लागला आणि आंब्याच्या मधोमध माझ्या वडिलांचं बोट उभं राहिलं. तेच. अर्धं. त्यावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. त्यांना जाऊन साठ वर्षं होत आली. त्यांचा एक फोटो नाही आमच्याकडं, आणि इथं, परक्या मुलखात, बटाट्यांच्या वासात, ते बोट आत्ताच टेकवून काढल्यासारखं.

मी रडलो नाही. विकास खाली वाकला आणि त्यानं आपलं बोट त्या खुणेच्या अगदी जवळ नेलं, टेकवलं मात्र नाही.

“आजोबा,” तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “सॉरी, बाबा.”

“पुढच्या वेळी बापाचं ऐक,” मी म्हटलं.

म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. उघडा पडलेला हात त्यानं छातीशी धरला होता. मग त्याला एकदम काम सुचलं. कोमट पाणी, टिपकागद, एक रात्र. मी सोडवून देतो, असा सोडवतो की कधी चिकटवलाच नव्हता, असं तो अश्विनीला समजावत होता.

“हळद राहील का?” मी विचारलं.

तिनं विचारलं. तो त्या अर्ध्या चंद्राकडं वाकला.

“माहीत नाही म्हणतात.”

“मग राहू दे तिथंच. पेटीसाठी छापला होता, पेटीवर आहे.”

एवढं मी म्हटलं आणि तो मोडला. माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं दिवा बंद केला, वायर नीट गुंडाळली, जिना चढला, अंगणात गेला आणि तो दिवा काळ्या डब्यात टाकला. रोजच्या घाणीच्या डब्यात. हा माणूस दह्याच्या डब्याचं झाकण चुकीच्या पिशवीत गेलं तर दोन मजले चढून सांगायला यायचा. विजेची वस्तू काळ्या डब्यात टाकणारा माणूस त्याच्या लेखी गुन्हेगार. आम्ही खिडकीतून बघत होतो. विकास म्हणाला, “बाबा, आता मात्र मला भीती वाटते.” खाली त्याचं दार लागलं ते लागलं. अश्विनीनं दोनदा वाजवलं, उघडलं नाही.

तो गेल्या वर्षी वारला. शेवटपर्यंत त्याच्याकडं लोक कागद घेऊन यायचे, आणि तो निवाडाही द्यायचा, पण पुष्कळदा खांदे उडवून “मला माहीत नाही” म्हणायचा आणि कागद परत द्यायचा. खळीचं भांडं मी पुन्हा पाहिलं नाही. ते सफरचंदाचं खोकं आता वर आमच्या देव्हाऱ्याखाली आहे. पण मला आठवतो तो त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीचा.

सोमवारी सकाळी काळ्या डब्याची गाडी येते. मी पहाटे उठून अंघोळ केली, ताम्हनात हळदकुंकू घेतलं आणि खाली उतरलो. ताम्हन पायरीवर ठेवून डब्यात खांद्यापर्यंत हात घातला, दिवा काढला, सदऱ्याला पुसला. मग त्याचं दार वाजवलं. त्यानं उघडलं. दोन्ही हात उघडे होते. “मोर्गन,” मी म्हटलं. हिवाळाभराचं उरलेलं ते एकदाच. त्याच्या अंगावरून आत गेलो आणि तो जिथं निवाडे करायचा त्या टेबलावर दिवा ठेवला. त्याला आमचं काही कळत नव्हतं आणि सांगायला अश्विनी नव्हती. मी करंगळीशेजारचं बोट हळदीत बुडवलं आणि पहिलं दिव्याला लावलं. मग कुंकू.

मग त्यानं खण उघडला आणि आपलं भिंग दिव्याशेजारी सरकवलं.